माझ्या हातची भवानी

बाजाराच्या आठवणी लोक काय गोड करून सांगतात! गरम भजी, काचेच्या बांगड्या, वडिलांचं धरलेलं बोट. ऐकलं की माझं डोकं फिरतं. मीही रविवारी वडिलांचं बोट धरून बाजाराला गेलेली आहे, वर्षानुवर्षं, आणि मला विचाराल तर आमच्या त्या बाजारासारखी दुष्ट जागा मी पुढे कुठे पाहिली नाही. दुष्ट माणसं पुष्कळ पाहिली. पण इतकी एका ठिकाणी, आणि तीही हसतखेळत, नाही.

गावाचं नाव सांगत नाही. तारकर्लीपासून फार लांब नव्हतं, एवढं पुरे. वडील शाळेत मास्तर. घरात आम्ही चौघं: बाबा, आई, माझ्याहून मोठी ताई आणि मी. शाळेला सुट्टी रविवारी आणि खाडीपलीकडचा बाजारही रविवारीच भरायचा, म्हणून आमच्या घरात सहल म्हणजे बाजार. पहाटे उठून वेण्या, धुतलेला परकर, बाबांची काळी टोपी आणि बारा महिने काखेत मारलेली छत्री. होडीत बसायचं, पलीकडे उतरायचं, माडांच्या सावलीतून चालत जायचं. तिथवर सगळं छान होतं, मी नाही म्हणत नाही.

आई नांदगावकडची. तिच्या माहेरी भात, काजू, आंबे. मासा क्वचित, तोही सुका. लग्न होऊन किनाऱ्याला आली तरी ताजं म्हावरं कुठलं आणि शिळं कुठलं, हे तिला धड कळायचं नाही. आणि कळत नाही हे दुसऱ्याला कळलेलं तिला मुळीच खपायचं नाही. त्यामुळे बाजारात ती नाकाचा शेंडा वर करूनच हिंडायची.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हे काय सांगायला हवं? पण आमच्या बाजारात ती नुसती विक्री नव्हती. पहिलं नाणं ज्याच्या हातून येईल, त्याच्या हातावर अख्खा दिवस. नाणं घेतलं की विकणारा ते कपाळाला लावणार, मग टोपलीला, मग तराजूला. नवे पैसे तेव्हा नुकतेच निघाले होते, पण भवानीला ते कुणी धरत नसे. जुना आणाच हवा. आणि ज्याचा हात चांगला, त्याची वाट बघत बसायचे. आमच्या ताईचा हात चांगला होता. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. आम्ही दिसलो की चारी बाजूंनी सुरू व्हायचं, "ये गो बाय, तुझ्या हातान भवानी होवंदे!" ताई देवळातल्या देवीसारखी एकेकापुढे जाऊन उभी राहायची, आणि आई तिच्यामागून अशी चालायची, की वाटावं तिचाच हात सोन्याचा. मला कुणी बोलावत नसे. त्याचं मला तेव्हा काही वाटतही नसे.

एका रविवारी ताईला ताप आला. बाबा तिच्याजवळ घरी राहिले आणि आई मला घेऊन निघाली. आम्हाला आमटीचं मडकं हवं होतं. म्हातारा कुंभार नुकताच मडकी मांडून बसला होता. आईनं माझ्या हातात आणा दिला, मी तो त्याला दिला, त्यानं कपाळाला लावला. आम्ही मडकं घेऊन चार पावलं गेलो असू, तोच कुणाचातरी पाडा दावं तोडून बाजारात घुसला आणि सरळ त्या मडक्यांतून गेला. काय तो आवाज! लोक हसले आधी. हसण्यासारखंच होतं, पाड्याच्या शिंगात एक मडकं अडकलं होतं आणि त्याला पुढचं दिसत नव्हतं. कुंभार मात्र खापऱ्यांत तसाच बसून राहिला.

समोर मासेवाली बसायची. आडव्या बांध्याची, नाकात नथ, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. ती तिथूनच ओरडली, "भवानी कोणी केल्यान रे तुझी?"

कुंभारानं मान वर केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"मास्तरांचा धाकटा चेडू तां," मासेवाली सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली. "तेच्या हाताक गूण नाय."

झालं. तिला बहुतेक नुसतं काहीतरी बोलायचं होतं. शिरा पडो तिच्या जिभेवर! एखाद्या पोरीला उभ्या जन्माचा डाग लावायला एवढंच पुरतं, चार माणसं आणि एक मोठा आवाज.

पुढच्या रविवारी मी कांदेवाल्यापुढे गेले तर त्यानं हात हलवला. "मगे ये गो, भवानी होवंदे." त्याच्या पुढच्याचं तेच. त्याच्या पुढच्याचंही तेच. मग तर ऊतच आला. कुणाच्या तराजूची दांडी मोडली, मी तिथून गेले होते म्हणून. कुणाचा बैल लंगडायला लागला, मी त्याला गवत दिलं होतं म्हणून. मिठबावहून एक बाई कोकमं विकायला यायची, तिला चक्कर आली तर म्हणे मी तिच्याकडे बघितलं होतं. अहो, हाताचं डोळ्यावर गेलं! शाळेतली पोरं माझ्या हातून पाटी घेईनात. घेतलीच तर परकराला पुसून घ्यायची आणि वर खी खी करायची.

घरातलं ऐका आता. ताई परीक्षेच्या दिवशी माझ्या हातून दौत घेईना. "राहू दे, मी घेईन," म्हणाली, अगदी गोड आवाजात. बाबा म्हणजे शिकलेले. त्यांनी आधी शुद्ध मराठीत भाषण केलं, "हे सारं थोतांड आहे. मनुष्याच्या हातात गुण-अवगुण काही नसतात." आणि त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज टपालपेटीत टाकायचा होता, तो मी हात पुढे केला असताना माझ्या डोक्यावरून ताईला दिला. मला लहान म्हणून कळणार नाही असं त्यांना वाटलं. मुलांना सगळं कळतं.

पुढे बाबांनीच तोडगा काढला. "चारचौघांत वाद कशाला? पोर घटकाभर झाडाखाली उभी राहिली तर काय झिजते का?" म्हणून बाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली मी उभी राहायची, आणि सगळ्यांच्या भवान्या होईपर्यंत आमची सहल माझ्याशिवाय आत चालायची. मला तिथून ताईची वेणी दिसायची, ह्या पालापासून त्या पालापर्यंत. नंतर कुणीतरी हात करायचं, मग मी यायची. तोवर बाजारातून घेतलेले गुळाचे खाजे संपलेले असायचे, किंवा ताईच्या तोंडात असायचे.

पण आई! आई मानत नव्हती. पहिल्याच रविवारी तिनं माझं मनगट धरून मला कांदेवाल्यापुढे ओढत नेलं होतं आणि पदर खोचून सगळ्यांना सुनावलं होतं, "माझ्या चेडवाच्या हातचा मी रोज खातंय. माका काय झालां तां दाखवा मगे!" कुणी काही दाखवलं नाही. भवानीही कुणी घेतली नाही, ते वेगळं. घरीही ती मुद्दाम सगळं माझ्याकडून करून घ्यायची. तुळशीपुढचा दिवा मीच लावायचा, पडवळाच्या बिया मीच पेरायच्या, पीठही मीच मळायचं. बाबा काही बोलले की म्हणायची, "तुमचो तो बाजार गेलो खड्ड्यात." चिंचेखाली उभी असताना मी तेवढंच घोकायची. आई मानत नाही. सगळा गाव मानतो, बाबा मानतात, ताई मानते, पण आई मानत नाही. ज्या घरात आई मानत नाही त्या घरात पोरीचा हात कशाला वाईट असेल? एवढ्या एका गोष्टीवर मी ते वर्ष काढलं.

मग शाळा तपासायला साहेब आले. बाबांनी त्यांना जेवायला बोलावलं, आणि आईनं आदल्या दिवशी त्याच मासेवालीकडून सरंगे घेतले. दुसरं कुणी त्या दिवशी बसलंच नव्हतं. मासेवालीनं कल्ले उघडून दाखवले, आईनं कळल्यासारखी मान डोलावली. रात्रभर ते मीठ लावून ठेवले होते. साहेबांनी पहिला घास घेतला आणि हात थांबवला. ताट हळूच बाजूला सारलं. म्हणाले, "मला ताकभातच द्या थोडा." फार सभ्य माणूस. बाबांचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. आई स्वयंपाकघरात दाराआड उभी होती, तिनं पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं. साहेब गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "तुला एक मासा घेता येत नाही."

रविवारी आई बाजारात शिरली ती थेट मासेवालीपुढे. मी चिंचेखाली होते, पण तेवढ्या अंतरावरून दोघींचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. सगळा बाजारच ऐकत होता.

"कुसके सरंगे घातलंस गो माझ्या पदरात? माणसां जेवक होती आमच्याकडे!"

मासेवालीनं सुरी खाली ठेवली. "तुका म्हावऱ्यातला काय कळता, नांदगावच्या बाये? माझे सरंगे नाचत होते. पिशवी घराक कोणी नेल्यान?"

मासेवालीनं हात चिंचेकडे केला.

"तुझ्या त्या धाकट्या चेडवान ना? मगे कुसतले नाय तर काय होतले!"

लोक हसले. नाही म्हटलं तरी मजा आलीच सगळ्यांना. पिशवी मीच नेली होती, खरंच होतं ते. मला वाटलं आता आई तिच्या झिंज्या धरणार. पण नाही. ती वळली आणि गर्दीतून चिंचेकडे माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मला वाटलं, माझ्यासाठी तिचा जीव जळतोय. मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

पुढच्या रविवारी आईनं मला सगळ्यांच्या आधी उठवलं. ताई झोपलेलीच होती. "उठव नको तिका," आई कुजबुजली. "आज तू आणि मी. दुसरां कोण नाय." तिनं माझी घट्ट वेणी घातली, तीत अबोली माळली, दिवाळीचा परकर काढला. न्हाऊ घातलं ते वेगळंच. ती इतक्या मायेनं शेवटची कधी वागली होती, मला आठवेना. पहिल्या होडीत आम्ही दोघीच होतो आणि म्हातारा होडीवाला. आईनं सगळा वेळ माझा हात धरून ठेवला होता. तोच हात. मी तो जराही हलवला नाही, ती सोडेल म्हणून.

बाजार नुकता मांडत होते. मासेवाली जागेवर नव्हती, किनाऱ्यावर दुसरी टोपली आणायला गेली असावी. तिच्या जागी तिची नवी सून बसली होती. हातभर हिरवा चुडा, अंगाला अजून लग्नाची हळद, बांगडे मांडत होती. आई भुसाऱ्याच्या पालाआड थांबली. पदराच्या गाठीतून जुना आणा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली.

"जा. तिच्याकडे भवानी कर."

मला खरंच वाटेना. "मी?"

"तूच. पळ."

मला वाटलं, आईनं आज सगळ्या बाजाराला दाखवायचं ठरवलंय. त्याच मासेवालीच्या टोपलीवर माझ्या हाताची भवानी करून, दिवसभर धंदा होऊ देऊन, संध्याकाळी पदर खोचून विचारणार, काय गो, काय झालां तां दाखव! अशी आई कुणाला मिळते? मी पळतच गेले. सुनेनं वर बघितलं आणि हसली. ती मला ओळखतच नव्हती. "ये गो बाय," म्हणाली, "तुझ्या हातान भवानी होवंदे." वर्षभरात मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी आणा दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, टोपलीला लावला, आणि चांगले मोठे बांगडे निवडून केळीच्या पानात गुंडाळून दिले. वर एक जास्तीचाही घातला.

मी धावत पालाआड आले. आई वाटच बघत होती.

"घेतल्यान?"

"होय."

"कपाळाक लावल्यान?"

"होय. टोपलेक पण."

आईनं मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता, आणि देव करो, पुन्हा कुणाचा पाहायला लागू नये. "बरां झालां," ती म्हणाली. "आता बघूया, कशी इकता तां ती."

मी पान पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही. "टाक तां कुत्र्याक. तुझ्या हातची भवानी ती. आपणाक खावक नको."

मी तशीच उभी. मग तिनंच माझ्या हातून पान घेतलं, म्हणजे केळीच्या पानाच्या एका टोकाला चिमटीत धरून घेतलं, आणि पालाच्या मागे भिरकावलं. तिथे कुत्रं होतंच.

"आये," मी म्हटलं, "माझो हात वायट आसा?"

"आज तरी वायटच आसांदे," आई म्हणाली आणि मला चिंचेखाली घेऊन गेली.

आज माझी सत्तरी उलटून गेली. त्या बाईला जाऊनही किती वर्षं झाली. लोक म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. का बोलू नये? मी बोलणार. तिनं मला न्हाऊ घालून, अबोली माळून, एखाद्याच्या दारात लिंबू टाकून यावं तशी त्या टोपलीपुढे नेऊन टाकली होती. चिडून तोंडून काही निघालं असतं तर मी समजले असते. हे तिनं आठवडाभर डोक्यात घोळवलं होतं, आणि तेवढे सगळे दिवस माझ्याकडून पीठही मळून घेत होती.

आम्ही चिंचेच्या मुळावर बसलो आणि ती टोपली बघत राहिलो. माणसं यायला लागली. एक बाई वाकली, बांगडा उलटासुलटा केला, पुढे गेली. आईनं मला कोपरानं ढोसलं. "बघ, बघ! फिरली ती." मग एक म्हातारा आला, सुनेनं काही सांगितलं, त्यानं मान हलवली. आई हसली. उठून तिनं खाजे आणले आणि सगळा पुडा माझ्या हातात दिला. ताई नव्हती, वाटेकरी कुणी नव्हतं. मला जवळ ओढून घेतलं, माझ्या केसांवरून हात फिरवला. "माझी बाय ती," म्हणाली.

पुडा मी मांडीवर तसाच ठेवला. मी मनात रवळनाथाला सांगत होते, खपू दे रे देवा, एक तरी खपू दे. ती टोपली खपली तर माझा हात चांगला. नाही खपली तर मी मेलेपर्यंत वाईट, आणि मग आईही मानणार. आणि तरी तिचा हात माझ्या केसांवर होता, आणि टोपली जितका वेळ भरलेली राहील तितका वेळ तो राहणार, हेही मला कळत होतं. तेवढ्या वयात मला हे दोन्ही एकदम कळायला लावलं तिनं.

मासेवाली दुसरी टोपली डोक्यावर घेऊन आली. पहिली भरलेली बघून थबकली. तिचा आवाज काय, आम्हाला ऐकू येणारच.

"भवानी झाली?"

"झाली," सून म्हणाली. "एका चेडवान केल्यान."

"खंयच्या?"

सुनेनं इकडेतिकडे बघितलं. मी चिंचेखाली बसलेली तिला दिसले. बिचारीनं हसून बोट दाखवलं. मासेवालीनं माझ्याकडे बघितलं, माझ्याशेजारी बसलेल्या आईकडे बघितलं, आणि तिला सगळं समजलं. तिनं टोपली खाली आपटली आणि त्या पोरीच्या थोबाडीत मारली. "डोळे फुटले काय गो तुझे?" चुडा खळखळला. पोरगी रडलीही नाही, नुसती गालाला हात लावून आमच्याकडे बघत राहिली. तिला बापडीला काही कळलंच नव्हतं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "बरी बसली."

आणि तेवढ्यात रस्त्याच्या कामावरचा मुकादम आला. मोठा पागोटेवाला माणूस, घाटावरचा, मागे दोन गडी रिकामी डालगी घेऊन. बाजारात उभा राहून त्यानं चौफेर बघितलं आणि मासेवालीपुढे येऊन थांबला. "रस्त्याखालची मोरी बांधून पुरी झाली आमची. साहेबानं माणसांना जेवण कबूल केलंय. हे सगळं दे."

"सगळां?" मासेवाली म्हणाली.

"दोन्ही टोपल्या. आणखी आहे का?"

दोन्ही टोपल्या! गड्यांनी डालगी भरली. सून टोपली पालथी करून पाणी झटकत होती, बांगडा सोडा, खवलासुद्धा उरला नाही. इतक्या सकाळी मोकळी झालेली मासेवाली त्या बाजारानं पाहिली नव्हती. कांदेवाला उठून बघायला आला. कुंभारानं मान वर केली. मासेवाली कमरेवर हात ठेवून आधी रिकाम्या टोपल्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आणि एकदम दोन्ही हात वर करून ओरडली,

"अगो बाय माझे! हंय ये गो! तुझो हात सोन्याचो! फुडल्या आयतवारी भवानी तुझीच, दुसऱ्या कोणाची घेवची नाय मी!"

सगळा बाजार माझ्याकडे बघत होता. कांदेवाला म्हणाला, "माझ्याकडे पण ये गो बाय." कोणीतरी टाळ्या पिटल्या. ज्या तोंडानं डाग लावला त्याच तोंडानं पुसला, आणि तोही सगळ्यांसमोर. माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, मी उठून उभी राहिले, खाजे मांडीवरून सांडले, मी नाचायचीच राहिले होते. राग नाही, रडू नाही, काही उरलं नव्हतं. आईनं मला कशासाठी आणलं होतं तेही मी त्या क्षणी विसरले. मला वाटलं, तीही विसरली असेल. कुठल्या आईला आनंद होणार नाही?

"आये, बघलंस? सगळां खपलां! माझो हात बरो आसा! बरो आसा गो, आये!"

आई त्या रिकाम्या टोपल्यांकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"वायट म्हणान सुद्दा तुझो काय उपेग नाय गो, मेले," ती म्हणाली.

आणि पदर सावरून होडीकडे चालायला लागली. मासेवाली मला हाका मारत होती. मी आईच्या मागून गेले. जाणार कुठे?